दुकान वर, गल्ला खाली

आमचे मालक माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. चपलेला डोंगरावरच्या मुरमाची तांबूस धूळ लागलेली असली, की समोरच्याला "बस" म्हणत आणि स्वतः सरकून जागा करत. धूळ नसली, तर माणूस कितीही मोठा असो, त्याला उभाच ठेवत. बँकेचे साहेब ओट्याखाली उभे राहिलेले मी पाहिलेत. मालकांच्या मुलीचे सासरेही एकदा असेच उभे राहिले होते, आणि त्यावरून व्याही-व्याह्यांची बोलचाल बंद झाली ती थेट नातवाच्या बारशापर्यंत.

पेठच्या रस्त्यानं नाशिक संपत आलं की उजव्या हाताला हा आमचा डोंगर लागतो. फार उंच नाही, नावाजलेला तर मुळीच नाही. वर किल्ला नाही, लेणी नाहीत, शेंदूर फासलेलं म्हसोबाचं एक ठाणं तेवढं आहे. माथा वनखात्याचा. उतार आणि पायथा म्हणजे गावाचं गायरान, गावच्या गुरांना चरायला राखून ठेवलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली जमीन. गायरान संपतं तिथे रस्ता, आणि रस्त्याच्या अलीकडे मालकांची स्वतःची जमीन. तिच्यावर त्यांनी गाळ्यांची एक ओळ बांधली होती. त्यातल्या एका गाळ्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे.

मी आधी अंबडला एका कारखान्यात कंत्राटावर होतो. कंत्राट संपलं तसं आम्हाला घरी बसवलं. हाताला पान्याची सवय होती, म्हणून सायकलींचं दुकान काढायचं ठरवलं आणि गाळा मागायला मालकांकडे गेलो. मे महिना होता आणि मालक गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून ओट्यावर बसले होते. हा मफलर ते उन्हाळ्यात वापरत, कारण उन्हाळ्यात घाम येतो आणि घामावर वारं बाधतं. थंडीत तो घडी घालून कपाटात असे. मी भाड्याचं विचारलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, छत्री उचलली आणि आधी चल म्हणाले.

त्या उन्हात त्यांनी मला डोंगर चढायला लावला. ते साठीच्या पुढचे, पण न उघडलेली छत्री काठीसारखी टेकत माझ्या पुढे. मी मागून धापा टाकत. म्हसोबापाशी पोचल्यावर त्यांनी मला विचारलं, तुझं दुकान कुठं आहे? मी खाली पत्र्यांची ओळ दाखवली.

"ते नाय," मालक म्हणाले. "तो नुसता गल्ला हाय. दुकान हे हाय, तू उभा हाय ते. दुकान वर, गल्ला खाली. राहील ध्यानात?"

राहील म्हणालो. मनात म्हटलं, म्हातारा चळलाय. उतरताना त्यांनी भाडं सांगितलं, ते बाजारापेक्षा जास्तच होतं. डोंगराचं भाडं यात धरलेलं नाही, ते फुकट आहे, असंही वर ऐकवलं.

पुढे कळलं, की त्यांच्या प्रत्येक भाडेकरूला हे करावं लागलं होतं. मिसळवाल्यानं केलं, किराणावाल्या ताईंनी केलं, चपला-बुटांचे तळवे चिकटवून देणाऱ्या काकांनी केलं. सलूनवाल्याचा गुडघा दुखरा, त्याला अर्ध्या वाटेवर माफी मिळाली आणि तिथेच गाळा मंजूर झाला. आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे हसायचो. पण पहिला हिवाळा गेला आणि माझं हसू कमी झालं. डोंगराच्या वाटेला दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत, आणि पहाटे शहरातून जे सायकलवाले येत त्यांची चाकं त्या काट्यांवरून जात. माझ्याकडे येणारं निम्मं पंक्चर त्या बाभळींचं होतं. मी माझ्या घरच्यांना सांगितलं होतं की मी दुकान चालवतो. दुकान बाभळी चालवत होत्या.

आणि मी एकटा नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं उतारावर धावायची, कारण तिथे त्यांच्याकडून कुणी मैदानाचं भाडं मागत नव्हतं, आणि धावून झालं की गावातल्या दोन खानावळींत जेवायची. गवळी दिवाळीनंतर डोंगराचं गवत कापायचे, त्यावर त्यांच्या म्हशी उन्हाळा काढायच्या, आणि त्या दुधाचा चहा आम्ही प्यायचो. पेठकडच्या बाया करवंदं, जांभळं, रानभाज्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसायच्या. शहरातले डॉक्टर ज्यांना चालायला सांगतात ते सगळे पोटवाले सकाळी डोंगर चढायचे आणि उतरून मिसळ खाऊन सगळं भरून काढायचे. डोंगर कुणाचा नव्हता, म्हणून आम्हा सगळ्यांचं चाललं होतं. एवढी साधी गोष्ट समजायला मला एक हिवाळा लागला. शिकल्यासवरलेल्या लोकांना ती अजून समजलेली नाही, आणि त्याचा मला संताप आहे.

मालक संतबिंत नव्हते, हेही सांगून टाकतो. भाडं वाढवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं नाही. कुत्र्यांचा त्यांना तिटकारा. सख्ख्या भावाशी त्यांचं बांधावरून वैर होतं, आणि त्यात चूक मालकांची होती, कारण दर नांगरटीला ते भावाच्या बाजूनं बांध थोडा थोडा कोरत. सगळ्या गावाला माहीत होतं. एकदा मी धीर करून म्हणालो, मालक, गायरानाच्या काडीवरून तुम्ही जग डोक्यावर घेता, आणि भावाचा बांध कोरता? त्यांना अजिबात लाज वाटली नाही. भावाचा बांध कोरला तर भाऊ काठी घेऊन येतो, म्हणाले, गावाचा कोरला तर कोण येणार?

रोज सकाळी ते सगळ्या टपऱ्यांवर अर्धा अर्धा चहा घेत, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. मग प्रत्येकाच्या चहाला नावं ठेवत, त्यामुळे सगळ्यांनाच वाईट वाटे. डोंगरावर सापडलेल्या गुटख्याच्या पुड्या ते गोळा करून आणत आणि पानटपरीच्या काउंटरवर ठेवून म्हणत, "तुझा माल परत आलाय." पानवाला आधी चिडायचा, नंतर त्यानं एक डबा ठेवला. वर स्पीकर लावून नाचणाऱ्यांच्या शेजारी जाऊन मालक मोठ्यानं हरिपाठ म्हणत. तो त्यांना धड पाठ नव्हता, पण स्पीकर बंद होईपर्यंत पुरायचा.

तरुणपणी विंचूरच्या कांदा मार्केटात त्यांची आडत होती. माणसं ओळखायचं शिक्षण तिथलं. त्यांची एक शिकवण मी कितीदा तरी ऐकली. जो व्यापारी ढीग बघायच्या आधीच कांदा सडका म्हणतो, त्याला तो कांदा पाहिजेच असतो. "आधी नाव ठेवायचं, मग भाव ठेवायचा," मालक म्हणत. आमच्या डोंगराच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

माझ्या दुकानाला चार वर्षं झाली, त्या वर्षी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात पडदा लावून आम्हाला एक प्रकल्प दाखवण्यात आला. बाहेरची कंपनी होती. डोंगराला रोपवे, वर काचेचा पूल, पायथ्याला पोहण्याचा तलाव, खाण्यापिण्याच्या पक्क्या गाळ्यांचं आवार. पडद्यावरच्या चित्रात माणसं गोरी होती आणि गवत हिरवंगार होतं. बोलणारा तरुण गोड होता. त्यानं सुरुवातच अशी केली, की सध्या ही जमीन पडीक आहे, तिचा कुणालाच उपयोग नाही.

पडीक. हा शब्द मी कधी विसरणार नाही. गवळी तिथेच बसले होते. खानावळवाल्या तिथेच होत्या. भज्यांच्या गाडीवरची मावशी, जिची दोन लेकरं त्या डोंगराच्या जोरावर शिकली, ती पुढच्याच रांगेत होती. एवढ्या जित्या माणसांच्या तोंडावर एक पोरगा सांगतो, की तुम्ही ज्याच्यावर जगताय त्याचा कुणाला उपयोग नाही, आणि आमची माणसं माना डोलावतात. सरपंच तर टाळ्या वाजवत होते. आम्हाला सांगितलं, की टपऱ्यावाल्यांना त्या आवारात पक्के गाळे मिळतील. नळ, वीज, शटर. कागदावर काही नव्हतं, चित्रात मात्र गाळे होते. ग्रामसभेनं गायरान द्यायला हरकत नाही एवढा ठराव करायचा, बाकी सगळं कंपनी बघणार होती.

भज्यांची मावशी त्या दिवशी हरखून गेली होती. आयुष्यभर तिनं वाऱ्यात स्टो सांभाळला होता. तिला शटर दिसलं. तिचा मला राग येत नाही. ज्यानं तिला चित्रातलं शटर दाखवलं त्याचा येतो.

मालक सगळ्यात मागे उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की आत यायला तिकीट राहील का. पोरगा म्हणाला, अगदी नाममात्र. मालकांनी त्याच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं आणि निघून गेले. खरं तर प्रकल्प झाला असता तर सगळ्यात जास्त फायदा त्यांचाच होता. रस्त्याला लागून त्यांची जमीन, तिला सोन्याचा भाव आला असता. सरपंचांनी त्यांना घरी जाऊन हे समजावलं, अर्थात उभ्यानं. गावात बोललं जाऊ लागलं, की म्हातारा आता पुरता कामातून गेला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय आणि दुसऱ्यांच्याही.

मालकांनी समजावून पाहिलं. टपऱ्याटपऱ्यांवर अर्धा चहा पिता पिता ते सांगत राहिले, की तिकीट लावल्यावर सकाळची चालणारी माणसं येणार नाहीत, भरतीची पोरं येणार नाहीत, गवत मिळणार नाही. लोक हो हो म्हणत. मिसळवाला मला म्हणाला, यांचा फुकटचा डोंगर जाईल म्हणून जीव जळतोय. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. फुकट तर तोही खात होता.

मग ग्रामसभेच्या आधीचा रविवार आला. रविवार म्हणजे आमची दिवाळी. उजाडायच्या आत अर्धं नाशिक पायथ्याला लोटतं. मी शटर उघडायला आलो तर डोंगराच्या वाटेच्या तोंडाशी, उंबराखाली, दोन बांबूंवर पत्र्याचा एक मोठा फलक उभा. पंचवटीतल्या पेंटरकडून रंगवून आणलेला, निळ्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं. "खासगी मालमत्ता. प्रवेश फक्त सभासदांना." वाटेवर आडवी दोरी. दोरीपाशी अंबडच्या एका कारखान्यावर राखण करणारा, पूर्ण गणवेशातला सिक्युरिटीवाला. आणि थोडं मागे, खुर्ची टाकून, ती जन्मभर न उघडलेली छत्री डोक्यावर उघडून बसलेले आमचे मालक. मी काही विचारायच्या आत त्यांनी मला गप्प बसायची खूण केली.

त्या सकाळी जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माणसं यायची, फलक वाचायची आणि परत फिरायची. इतकंच. आदल्या रविवारपर्यंत जो डोंगर त्यांचा होता, तो आज कुणाचा झाला, कधी झाला, कुणी दिला, एकानं विचारलं नाही. वकील होते त्यांच्यात, प्राध्यापक होते, सरकारी साहेब होते. सायकलवाल्यांच्या एका टोळक्यानं फलकासोबत फोटो काढला. एका जोडप्यानं सिक्युरिटीवाल्याला विचारलं, सभासद कुठे व्हायचं, ज्येष्ठांना सवलत आहे का. आणि रोज सकाळी डोंगर चढणारे एक गृहस्थ, ज्यांच्या सायकलीचं मी चार वर्षं सगळं केलं, ते मला म्हणाले, बरं झालं हो, आता स्वच्छता तरी राहील. दोरीखालून गेली ती फक्त एका म्हातारीची शेरडं. सिक्युरिटीवाल्यानं अडवल्यावर ती त्याला म्हणाली, त्यांना वाचता येत नाय, आणि त्यांच्या मागोमाग तीही गेली.

ऊन चढेपर्यंत रस्ता ओस पडला. मिसळवाल्याच्या रश्शावर साय धरावी तशी तर्री गोठली. खानावळीत भाकऱ्यांची चवड तशीच राहिली, कारण भरतीची पोरं दुसरीकडे पळायला गेली. करवंदवाल्या पाट्या उचलून बसची वाट बघू लागल्या. माझ्याकडे एकही चाक आलं नाही. मावशीचं भिजवलेलं बेसन आंबायला लागलं. तेव्हा कुठे सगळ्यांना वाटलं की जाऊन बघावं, भानगड काय आहे. आणि खुर्चीवर मालक दिसल्यावर जो भडका उडाला, तो विचारू नका.

सगळ्यात पुढे मावशी होती. तिनं मालकांच्या सात पिढ्या काढल्या. आमच्या पोटावर पाय दिला म्हणाली, एवढ्या वर्षांचं वैर काढलं म्हणाली. मिसळवाला अंगावर धावून गेला, त्याला मी आणि सलूनवाल्यानं धरलं. मालक खुर्चीतून उठले नाहीत. सगळ्यांचं ओरडून झालं तसं त्यांनी छत्री मिटली.

"एक रविवार गेला तर एवढं लागलं," ते म्हणाले. "ही नुसती रंगीत तालीम हाय. आज मी बसलोय, मला शिव्या तरी घालता येतात. उद्या कुणाला घालाल? त्या चित्राला?"

मावशीचा राग मात्र तेवढ्यानं शमणार नव्हता. तिनं दोन्ही हातांनी बांबू हलवले, फलक खाली पाडला, पत्रा ओढत ओढत आपल्या गाडीपाशी नेला आणि स्टोला वारं लागतं त्या बाजूला आडोसा म्हणून उभा केला. बेसनाची भरपाई, एवढंच ती मालकांकडे न बघता म्हणाली. मालकांनी तो परत मागितला नाही.

ग्रामसभेत सरपंच बराच वेळ विकासावर बोलले. विकासाला विरोध करणारे गावाचे शत्रू, वगैरे. मग ठरावाला हात वर करा म्हणाले. मावशी आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही त्यो रविवार पाह्यलाय." बसली. तिच्यामागे गवळी उठले, खानावळवाल्या उठल्या, मिसळवालाही उठला. ठराव बारगळला. गावानं उलट कुऱ्हाडबंदी केली, म्हणजे डोंगरावरचं झाड कुणी तोडायचं नाही, आणि दिवाळीपर्यंत उतारावर गुरं सोडायची नाहीत असंही ठरलं. त्या सभेत मालक नव्हते. ते भावाच्या बांधावर होते, असं नंतर कळलं.

यानंतर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला आमचं गाव माहीत नाही. त्यांनी एक रविवार बुडवला हे मिसळवाला पुढची कितीतरी वर्षं ऐकवत होता. डोंगराचं गवत वाढलं, झरा उन्हाळ्यात जरा जास्त टिकू लागला, माणसं वाढली, रस्त्याला नव्या टपऱ्या आल्या. एका बाईनं नाचणीच्या पदार्थांचं दुकान टाकलं. मी हाताखाली एक माणूस ठेवला. याचं श्रेय कुणाला मिळालं? सरपंचांना. पर्यावरणाचं काम केलं म्हणून शहरातल्या कुठल्याशा मंडळानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. ज्या सभामंडपात त्यांनी पडीक शब्दाला टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच सभामंडपात डोंगर वाचवणारे म्हणून त्यांचं कौतुक झालं. मी तिरमिरीत उठून जायला निघालो, तर मालकांनी मनगट धरून मला खाली बसवलं. ते शांतपणे व्यासपीठावरच्या मंडळींचे बूट बघत होते. भाषणं संपल्यावर मुख्य पाहुण्यांना त्यांनी एवढंच विचारलं, की डोंगर चढून आलात का. पाहुणे म्हणाले, वेळ मिळाला नाही. मालक म्हणाले, मग उभे राहा. पाहुण्यांना वाटलं फोटोसाठी सांगतायत, आणि ते उभे राहिले.

गेल्या उन्हाळ्यात मालक गेले. शेवटचे दोन-तीन महिने त्यांना ओटाही उतरवत नव्हता. मी रोज सकाळी डोंगर चढून त्यांच्यापुढे जायचो. ते माझे पाय बघायचे आणि बस म्हणायचे. बोलणं फार नसे. कोण कोण आलं होतं, बाभळी किती वाढल्या, एवढंच विचारत.

गेले त्या दिवशी अंगणात चपलांचा ढीग पडला होता. मी रडायचं सोडून त्या चपला बघत बसलो. निम्म्यांना धुळीचा कण नव्हता. सरपंचांचे बूट तर आरशासारखे होते. उशिरानं त्यांचा तो बांधावरचा भाऊ आला. सत्तरीचा माणूस, घामानं निथळलेला, आणि त्याच्या वहाणा तांबड्यालाल. तो सकाळी डोंगर चढून आला होता. मला म्हणाला, म्हटलं आज तरी मला बस म्हणंल. मग भिंतीला धरून रडला. मीही तेव्हा रडलो.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण गेल्या रविवारी उंबराखाली पुन्हा एक फलक उभा राहिला. या वेळी बांबूंवर नाही. लोखंडी खांब, खाली सिमेंट, पत्र्याला नटबोल्ट. खाली बारीक अक्षरांत कुठल्याशा कंपनीचं नाव. ना ग्रामसभा, ना दवंडी, ना कुणाला विचारलं. पंचायतीत फोन केला तर माहिती घेतो म्हणाले. तलाठी म्हणाले, साहेबांना विचारावं लागेल. गावाच्या जमिनीत रातोरात खांब पुरले जातात आणि गावच्या कारभाऱ्यांना माहिती घ्यावी लागते, यावर काय बोलायचं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माझ्या डोळ्यांदेखत माणसं येत होती, वाचत होती आणि परत फिरत होती. एवढ्या वर्षांनी, अगदी तशीच. मी त्यांच्यावर ओरडलो. ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत गाडीला किक मारून निघून गेले. मालक असते तर, असं मनात आलं आणि मला स्वतःचीच चीड आली. मालक नव्हते. मी होतो.

इतक्यात मावशी गाडी सोडून आली. पदराला हात पुसत फलकासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही.

"काय लिव्हलंय?"

"मालकांच्या फलकावर होतं तेच," मी म्हणालो. "अक्षर न् अक्षर."

तिनं मागे वळून आपल्या गाडीकडे बघितलं. तिथे स्टोमागे मालकांचा पत्रा अजून उभा आहे. तेलानं आणि धुरानं काळा झालाय, निळा रंग पोपडे धरून गळून गेलाय, आणि "खासगी" हा शब्द तर केव्हाच जळून गेलाय.

"त्यो खोटा व्हता," मावशी म्हणाली. "मंग ह्यो बी खोटाच आसंल. काढ."

मी दुकानातून पाने आणले. बोल्ट नवे होते, ग्रीस लावलेले, सहज फिरले. चपलांचे काका दुसऱ्या बाजूनं पत्रा धरायला आले, मिसळवाला हात पुसत आला. परत फिरलेल्या लोकांपैकी काही जण गाड्या थांबवून बघत उभे होते. पत्रा सुटल्यावर मावशीनं तो उताणा करून तपासला, जाड आहे म्हणाली आणि गाडीची दुसरी बाजू उघडी होती तिकडे न्यायला लावला. तेवढ्यात थांबलेल्यांपैकी एक जण पुढे आला, नवे कोरे बूट घातलेला, आणि त्यानं विचारलं, की डोंगर चालू झाला का.

मावशीनं त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, आणि तिची नजर पायांशी थांबली.

"बंद कधी व्हता?" ती म्हणाली. "जा, चढून ये. मंग बस."